अस्तर आणि कांठ

दिवाळी सरते, बाजारांत अंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग लागतात आणि नागपूरच्या हवेंत पहिला गारवा येतो. त्याच सुमारास शहरांत रस्त्याच्या कडेला स्वेटरांचा एक बाजार उभा राहतो. बांबूच्या सांगाड्यावर ताडपत्री, आंत एकावर एक टांगलेले स्वेटर, शाली, कानटोप्या, हातमोजे. आणि त्यांच्यामागें बसलेल्या रुंद चेहऱ्याच्या, शांत, मोजकें बोलणाऱ्या स्त्रिया. त्यांपैकीं वयस्क स्त्रियांच्या अंगावर पायघोळ झगा असतो आणि पुढें कमरेला आडव्या रंगीत पट्ट्यांचें वस्त्र बांधलेलें असतें. नागपूरकर त्यांना दोन पिढ्यांपासून ‘तिबेटी स्वेटरवाले’ या एकाच नांवानें ओळखतो. तो भाव करतो, मुलाच्या खांद्याला स्वेटर लावून माप पाहतो, पैसे देतो आणि घरीं जातो.

एखादा चौकस गिऱ्हाईक मात्र विचारतो, “आपण कुठले?” ल्हासा किंवा धरमशाला असें कांहीं उत्तर येईल, अशी त्याची अपेक्षा असते. उत्तर येतें, “गोठणगांव.”

गोठणगांव हें गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, नागपूरच्या पूर्वेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. तेथें १९७२ सालीं नोर्ग्येलिंग नांवाची तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली. तेव्हां हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता; गोंदिया जिल्हा १९९९ मध्यें वेगळा झाला. मार्च १९५९ मध्यें दलाई लामा भारतांत आले. त्यांच्या मागोमाग आलेल्या हजारों लोकांसाठीं देशाच्या निरनिराळ्या भागांत वसाहती उभ्या करण्यांत आल्या, त्यांपैकीं महाराष्ट्राच्या वांट्याला आलेली ती ही. भोंवतीं धानाच्या बांध्या, जवळ इटियाडोहचें धरण, पलीकडे नवेगांवचें रान. पावसाळ्यांत शेती करावी आणि हिवाळा लागतांच लुधियान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून बहुधा उधारीवर माल उचलून शहरोशहरीं विकावा, असा या लोकांचा क्रम पडून गेला आहे.

नागपुरांत मे २०१३ मध्यें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. डिसेंबर २०१८ मध्यें तो ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हां थंडीनें शहर हवालदिल झालें. ती थंडी या स्वेटरवाल्यांच्या पूर्वजांना वसंतांतील एखाद्या सकाळीसारखी वाटली असती! त्यांच्या अंगावर लुधियान्याचा स्वेटर नव्हता. मेंढीचें केंसाळ कातडें होतें. त्या कातड्याच्या अंगरख्याची ही हकीकत आहे. आणि त्या अंगरख्याच्या कांठाचा पुढें विदर्भाच्या रानाशीं जो संबंध आला, त्याचीही.

आपल्याकडे कातडें हें अंगावर घालण्याचें वस्त्र राहिलेलें नाहीं. तें पायांत असतें, ढोलकीवर असतें. विहिरीवर मोट होती तोंवर मोटेला असे. अंगाशीं त्याचा संबंध उरला आहे तो विधीपुरता. मुंजींत बटूच्या गळ्यांत मृगाजिनाचा लहानसा तुकडा घालतात. चित्रांतील योगी व्याघ्राजिनावर बसतो आणि कैलासपति तर व्याघ्रांबरच नेसतो. कैलास पर्वत तिबेटांत आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या वेषांतील औचित्य ध्यानांत येतें! पण हीं झालीं पावित्र्याचीं चिन्हें. ऊब हवी असली म्हणजे मराठी माणसानें पिढ्यान्‌पिढ्या घोंगडीच पांघरली. धनगरानें मेंढीची लोंकर कातरली, तिचें सूत काढलें, मागावर विणलें. मेंढी जिवंत राहिली आणि माणसाचेंही भागलें. मग थंड मुलुखांतील माणसाला सबंध कातडें अंगावर घेण्याची गरज कां पडावी?

याचें उत्तर अगदीं साधें आहे. ऊब वस्त्रांत नसते. ती आपल्या शरीरांत असते. वस्त्र तिला निसटूं देत नाहीं एवढेंच. तेंही काम धाग्यापेक्षां धाग्यांच्यामध्यें अडकलेली निश्चल हवा अधिक करते. घोंगडी उबदार लागते ती तिच्या लोंकरींत हवा कोंडलेली असते म्हणून. परंतु कोणत्याही विणलेल्या वस्त्राला छिद्रें असतात. पौषांतल्या नागपुरी वाऱ्यापुढें घोंगडी टिकते. पारा शून्याखालीं चाळीस अंशांवर असतांना सुटलेला सोसाट्याचा वारा मात्र त्या छिद्रांतून शिरतो आणि कोंडलेली हवा क्षणांत पळवून नेतो. तेथें वस्तु अशी हवी कीं जिची एक बाजू वाऱ्याला भिंतीसारखी अडवील आणि दुसरी बाजू हवेला कोंडून धरील. अशी वस्तु निसर्गानें तयार करून ठेवलेली आहे. केंसांसह काढलेलें कातडें ती हींच.

या विद्येंत सर्वांत पुढें गेलेले लोक म्हणजे उत्तर ध्रुवाभोंवतालच्या प्रदेशांतील मूळ रहिवासी. ग्रीनलंड, कॅनडा व अलास्का येथील इन्युइट, सायबेरियांतील चुकची आणि नेनेत्स, स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडील सामी हे त्यांपैकीं प्रमुख. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत इन्युइटांना एस्किमो म्हटलेलें आढळतें. ते स्वतःला इन्युइट म्हणवितात आणि त्या शब्दाचा अर्थ ‘माणसें’ एवढाच आहे. त्यांचा पोशाख पाहिला म्हणजे रानटी माणसानें अंगाभोंवतीं गुंडाळलेलें कातडें ही आपली कल्पना पार नाहींशी होते.

कॅनडांतील इन्युइटांचा हिवाळी पोशाख कॅरिबू या हरणाच्या जातीच्या प्राण्याच्या कातड्याचा असतो. या प्राण्याचा केंस भरीव नसून आंतून हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनीं भरलेला असतो. कातडेंही वाटेल त्या ऋतूंतलें चालत नाहीं. उन्हाळ्यांत केंस विरळ असतात, ऐन हिवाळ्यांत कातडें फार जड होतें. शरदाच्या आरंभीं मिळालेलें कातडें कपड्यास नेमकें. त्याचे दोन अंगरखे करतात. आंतल्याचे केंस अंगाकडे, बाहेरच्याचे केंस बाहेर. दोहोंच्यामध्यें हवेचा आणखी एक थर राहतो. अंगरखा पुढून उघडा नसतो, डोक्यावरून घालावा लागतो; म्हणजे वाऱ्याला फट सांपडत नाहीं. आपल्याकडे तान्ह्या मुलाला कुंची घालतात तशी कुंची त्या अंगरख्यालाच शिवलेली असते. तिच्या तोंडाशीं कित्येक ठिकाणीं वुल्व्हरिन नांवाच्या प्राण्याची लव लावतात, कारण श्वासाच्या वाफेचें बर्फ तिच्यावर धरलें तरी तें हातानें झटकतां येतें.

अंगरखा मुद्दाम सैल ठेवलेला असतो. त्या प्रदेशांत घाम हा मोठाच वैरी आहे. घामानें ओलें झालेलें वस्त्र थांबतांच गोठतें आणि माणसाला गारठवून टाकतें. सैल अंगरख्यांत चालणाऱ्याला ऊब अधिक झाली तर तो गळ्याशीं किंवा कमरेशीं वारा घेऊन ती सोडूं शकतो. बायकांच्या अंगरख्याला अमाउती म्हणतात. त्याच्या पाठीशीं एक मोठी झोळी असते. तींत मूल आईच्या पाठीला बिलगून बसतें आणि आई हातानें सर्व कामें करीत राहते.

हें सर्व शिवतात बायका. अर्धचंद्राकृति सुरी, हाडाची किंवा हस्तिदंती सुई, आणि दोरा म्हणून प्राण्याच्या पाठीच्या स्नायूंची तांत, एवढींच त्यांचीं परंपरागत साधनें. पुढें पोलादी सुई आली. सीलच्या कातड्याच्या जोड्याला जी शिवण घालतात ती विशेष पाहण्यासारखी असते. सुई वरच्या कातड्यांतून आरपार जाते आणि खालच्या कातड्याच्या अर्ध्याच जाडींत शिरून परत येते. मग दुसऱ्या बाजूनें तशीच दुसरी ओळ घालतात. आरपार भोंकच नाहीं, तर पाणी शिरावें कोठून? अशा मुलुखांत पाय भिजणें म्हणजे पाय गमावणें. शिकारी बर्फावर जातो तो बायकोच्या एकेका टांक्यावर जीव ठेवून.

या विद्येची किंमत युरोपीय प्रवाशांना फार उशिरां कळली. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन हा तिचें महत्त्व ओळखणाऱ्यांपैकीं एक. १९०३ पासून १९०५ पर्यंत त्याचें ‘योआ’ जहाज कॅनडाच्या उत्तरेस एका बेटाशीं थांबलेलें होतें. तेथील नेत्सिलिक इन्युइटांकडून तो कुत्र्यांची गाडी हांकावयास शिकला आणि त्यांच्यासारखे कातड्याचे कपडे वापरूं लागला. पुढें १४ डिसेंबर १९११ रोजीं तो दक्षिण ध्रुवावर पोंचला, तेव्हां त्या प्रवासांत हे कपडे त्याच्या फार उपयोगीं पडले. इंग्लंडच्या कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनें लोंकरीच्या कपड्यांवर वारा अडविणाऱ्या घट्ट विणीच्या कापडाचे कपडे घातले होते. ती १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोंचली आणि परततांना तिच्यांतील पांचही जण मृत्यु पावले. कपडे हें त्या दुर्दैवाचें एकच कारण नव्हे; अन्न, वाहनें, हवामान हींही कारणें होतीं. पण ज्यांना जग अडाणी समजत होतें त्यांच्यापाशीं शिष्य होऊन बसण्याचा विनय आमुंडसेनच्या ठिकाणीं होता, आणि तो त्याला तारक ठरला.

आतां ध्रुवाकडून तिबेटाकडे वळूं. ध्रुवाजवळ जी थंडी सूर्य तिरपा असल्यामुळें पडते, ती तिबेटांत उंचीमुळें पडते. तिबेटचें पठार समुद्रसपाटीपासून सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. तेथील थंडी मात्र निराळ्या स्वभावाची. हवा विरळ व कोरडी. दुपारीं ऊन अंग भाजतें आणि सूर्य मावळतांच पाणी गोठूं लागतें. ध्रुवप्रदेशांतील माणसाला दिवसरात्र एकाच थंडीशीं झुंजावें लागतें. तिबेटी पशुपालकाला एकाच दिवसांत दोन ऋतूंशीं जुळवून घ्यावें लागतें. म्हणून त्याचें वस्त्रही निराळें झालें.

त्या वस्त्राला चुबा म्हणतात. घरांत राहणाऱ्यांचा चुबा लोंकरीच्या कापडाचा. याक आणि मेंढ्या राखीत तंबूंतून राहणाऱ्यांचा मेंढीच्या कातड्याचा. केंस आंत, कातडें बाहेर. चुब्याला बटणें नसतात. तो अंगाभोंवतीं लपेटून कमरेला पट्ट्यानें आवळतात आणि वरचा भाग थोडा ओढून सैल सोडतात. त्यामुळें छातीशीं एक मोठा ओटा तयार होतो. चहाचा वाडगा, सातूच्या पिठाची थैली, प्रसंगीं कोंकराचें पिलूही त्यांत मावतें. बाह्या हातांहून लांब असतात. थंडींत हात आंत ओढून घेतले कीं हातमोज्यांचें काम भागतें. ऊन चढलें म्हणजे उजवा हात बाहीबाहेर काढावयाचा आणि रिकामी बाही पाठीवर सोडावयाची. अधिक चढलें तर दोन्ही बाह्या कमरेशीं बांधावयाच्या. रात्रीं पट्टा सोडला कीं तोच चुबा अंथरूण आणि तोच पांघरूण. अंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण म्हणतों; येथें माणूस आपलें अंथरूण अंगावर घेऊनच हिंडतो!

कातडें कमावण्याची रीतही तिथल्याच पदार्थांवर बेतलेली. त्याला लोणी किंवा दहीं चोळावयाचें आणि हातापायांनीं तासन्‌तास मळून मऊ करावयाचें. इन्युइटांत सुई बायकांच्या हातीं असते. तिबेटी पशुपालकांत कातड्याचे कपडे शिवण्याचें काम बहुधा पुरुष करतात. ज्या मेंढीचें कातडें त्या मेंढीचें मांस घरानें खाल्लेलें असतें आणि तिच्या लोंकरीचे दोर वळलेले असतात. मारलेल्या जनावराचा कोणताही भाग वायां जाऊं द्यावयाचा नाहीं, हा नियम ध्रुवाजवळच्या आणि तिबेटच्या माणसाला सारखाच लागू आहे. कारण दोघांच्याही भूमींत कापूस पिकत नाहीं.

येथपर्यंत झालें तें अस्तराचें वर्णन. पण वस्त्राला अस्तर असतें तसा कांठही असतो, आणि कांठाचें शास्त्र निराळें आहे. मराठी घरांत हें कोणाला समजावून सांगावयास नको. लुगडें अंग झांकतें तें त्याच्या पोतामुळें. परंतु दुकानांत गिऱ्हाईक पाहतें तें कांठ-पदर. तिबेटी चुब्यालाही सणासमारंभाच्या वेळीं कांठ हवा असे. श्रीमंत घरांत तो पाणमांजराच्या मऊ लवेचा, बिबट्याच्या किंवा वाघाच्या कातड्याचा असे. प्राचीन तिबेटी राज्यांत शूर योद्ध्याला व्याघ्रचर्म हें मानचिन्ह म्हणून मिळे. त्या मानाची आठवण या पट्ट्यांत राहिली होती. हा कांठ ऊब देण्यासाठीं नव्हता. ऊब आंतली मेंढी देत होती. वाघ होता तो मिरविण्यासाठीं.

जोंपर्यंत अशा कातड्यांना घालणारे थोडे होते आणि रानांत वाघ पुष्कळ होते, तोंपर्यंत या हौसेचा बोजा फारसा जाणवला नाहीं. विसाव्या शतकाच्या शेवटीं दोन्ही गोष्टी उलटल्या. तिबेटांत कांहींच्या हातीं पैसा खेळूं लागला. लग्नांत आणि घोड्यांच्या शर्यतींच्या जत्रांत वाघाच्या कातड्यांची चढाओढ लागली. कोणी वीतभर पट्टा लावी, तर कोणी सबंध कातडें पाठीवर घेई. तिबेटांत तर वाघ जवळजवळ नाहींतच. मग तीं कातडीं येत कोठून? तीं हिंदुस्थानांतून येत. मध्य भारताच्या रानांत वाटेवर लोखंडी सांपळे लावावयाचे, पाय अडकलेल्या वाघाला कातडें न फाटेल अशा बेतानें मारावयाचें, आणि दिल्लीच्या दलालांमार्फत नेपाळच्या किंवा लडाखच्या वाटेनें माल पलीकडे पोंचवावयाचा. या व्यापारांत भारतीय होते, नेपाळी होते, चिनी होते आणि कांहीं तिबेटीही होते.

त्या व्यापाराचा पसारा अधूनमधून उघडकीस येई. जानेवारी २००० मध्यें उत्तर प्रदेशांतील खागा येथें बिबट्याचीं ७० आणि वाघाचीं ४ कातडीं सांपडलीं. त्यांबरोबर बिबट्याचीं सुमारें १८,००० नखें होतीं. ऑक्टोबर २००३ मध्यें तिबेटांत एकाच खेपेंत वाघाचीं ३१, बिबट्याचीं ५८१ आणि पाणमांजराचीं ७७८ कातडीं पकडलीं गेलीं. २००५ च्या आरंभीं राजस्थानांतील सरिस्का अभयारण्यांत एकही वाघ उरला नसल्याचें उघड झालें आणि देश हादरला. त्याच वर्षीं भारतांतील व इंग्लंडमधील वन्यजीव-रक्षक संस्थांच्या लोकांनीं तिबेटांत जाऊन बाजारांत टांगलेल्या आणि जत्रांत अंगावर मिरविलेल्या वाघांच्या कातड्यांचीं छायाचित्रें घेतलीं. पूर्वीं शंका होती, आतां पुरावा झाला.

हीं छायाचित्रें दलाई लामांपर्यंत गेलीं. जानेवारी २००६ मध्यें आंध्र प्रदेशांतील अमरावती येथें कालचक्राचा मोठा सोहळा भरला होता. त्यासाठीं तिबेटांतूनही हजारों लोक आले होते. त्यांच्यापुढें बोलतांना त्यांनीं हा विषय काढला. तीं चित्रें पाहून आपल्याला लाज वाटली, असें त्यांनीं सांगितलें. रानच्या प्राण्यांचीं कातडीं विकत घेऊं नका, विकूं नका, वापरूं नका आणि परत गेल्यावर हें इतरांनाही सांगा, अशी त्यांनीं विनंति केली. तींत दंडाचा धाक नव्हता. स्वतःची भूमीही ज्याच्या ताब्यांत नाहीं अशा वृद्ध निर्वासिताला दंड करतां येणार तरी कसा?

पुढें जें घडलें तें फार थोड्यांना अपेक्षित होतें. कांहीं आठवड्यांतच तिबेटच्या पूर्वेकडील भागांत गांवोगांवीं लोक एकत्र जमूं लागले आणि पेट्यांतून वाघ, बिबटे व पाणमांजर यांचे कांठ काढून त्यांची होळी करूं लागले. जें वर्षभराच्या मिळकतीहून महाग होतें, कित्येकांच्या घरीं वडिलांपासून चालत आलेलें होतें, तें त्यांनीं आपल्या हातानें अग्नींत टाकलें. चिनी अधिकाऱ्यांना यांत राजनिष्ठेचा प्रश्न दिसला. त्यांनीं अशा होळ्यांना हरकत घेतली. कांहींना अटक झाल्याच्या बातम्याही आल्या. पण सर्वसामान्य माणसांच्या अंगावरून तो कांठ उतरला. त्याच्या जागीं किनखाप आला, कोठें कृत्रिम लव आली. अस्तर मात्र तसेंच राहिलें. मेंढीचें कातडें कोणी जाळलें नाहीं, आणि तें जाळा असें कोणी सांगितलेंही नाहीं.

या प्रकरणांतील खरें शहाणपण येथेंच आहे, आणि तें किती दुर्मिळ आहे हें कळण्यासाठीं पुन्हां एकदां ध्रुवाकडे पाहिलें पाहिजे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ बर्फावर सीलच्या पांढऱ्या पिलांना व्यापारासाठीं सोट्यांनीं मारीत. त्याचीं चित्रें पाहून युरोपांत संतापाची लाट उसळली आणि १९८३ मध्यें युरोपीय समुदायानें त्या पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली. हेतु दयेचा होता. इन्युइट मात्र तीं पिलें मारीत नसत. ते अन्नासाठीं बहुतेक निराळ्या जातीच्या वाढलेल्या सीलची शिकार करीत, मांस घरांत वांटून खात आणि उरलेलें कातडें विकून इंधन व काडतुसें घेत. परंतु युरोपांतील गिऱ्हाईक एवढा भेद करीत बसलें नाहीं. सीलचें कातडें म्हटलें कीं तें पाठ फिरवूं लागलें. भाव कोसळले आणि ज्यांनीं तें पाप केलें नव्हतें त्यांच्या घरचा पैसा आटला. २००९ च्या नव्या युरोपीय कायद्यानें सीलच्या बहुतेक सर्वच मालाला बंदी केली आणि इन्युइटांना त्यांतून सूट दिली. पण बाजारच उरला नाहीं तेव्हां सुटीचा उपयोग तो किती?

दोन्ही ठिकाणीं दयाच होती. एके ठिकाणीं दयेनें वस्त्राकडे नीट पाहिलें; अस्तर कोणतें आणि कांठ कोणता हें ओळखून कांठ तेवढा उसवला. दुसऱ्या ठिकाणीं दूर बसलेल्या दयेनें सबंध वस्त्रच अंगावरून ओढून काढलें. शिवाय एके ठिकाणीं त्याग करावयाचा होता तो स्वतःच्या पेटींतला. दुसऱ्या ठिकाणीं तो परक्याच्या चुलीवरचा होता. दुसऱ्याला वस्त्राचा उपदेश करण्यापूर्वीं त्याच्या मुलुखांत कापूस पिकतो काय, एवढें तरी विचारावयास हवें.

कांठ जळला म्हणून विदर्भांतील वाघ एकदम निर्धास्त झाला असें नाहीं. त्याच्या हाडांना चीनमध्यें औषधासाठीं मागणी होतीच. २०१३ मध्यें मेळघाटांतील शिकारीचीं प्रकरणें बाहेर आलीं, तेव्हां सांपळे अजून गंजलेले नाहींत हें दिसून आलें. तरी एक मोठा बाजार उठला. २००६ च्या गणनेंत देशांत १,४११ वाघांचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेंत तो ३,६८२ झाला. महाराष्ट्रापुरता तो १०३ वरून ४४४ वर गेला, आणि त्यांतील बहुतेक विदर्भांतले. याचें श्रेय वनरक्षक, कायदा, गांवकरी आणि राखीव रानें या सर्वांचें आहे. त्यांत आपले कांठ जाळणाऱ्या त्या अनाम माणसांचाही एक वांटा आहे, आणि तो वाघांच्या या प्रदेशानें विसरूं नये.

गोठणगांवची वसाहत बसली त्याच १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, हा केवळ योगायोग. वसाहतीजवळच्या नवेगांवच्या रानाला १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि डिसेंबर २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वांत आला. म्हणजे ज्या लोकांच्या सणाच्या अंगरख्यावर एके काळीं वाघाचा पट्टा असे, त्यांचीं नातवंडें आज वाघाच्या शेजारींच धानाच्या बांध्या राखतात. मेंढीच्या कातड्याचा चुबा तेथें निरुपयोगी आहे. उन्हाळ्यांत तो नुसता हातांत धरवणार नाहीं. तो कमावण्याची रीत ठाऊक असलेले म्हातारे एकामागून एक जात आहेत, आणि ती विद्या शिकण्याची गरजही त्या हवेंत कोणाला भासत नाहीं. ध्रुवाकडील सुई निदान आपल्या बर्फांत आहे. तिकडे कांहीं गांवांत आज्या नातींना ती पुन्हां हातीं धरावयास लावीत आहेत. निर्वासिताच्या सुईला तेवढेंही भाग्य नाहीं. देश सुटला म्हणजे हवाही सुटते, आणि हवा सुटली म्हणजे तिच्यासाठीं घडलेलें ज्ञान हळूहळू हातांतून जातें.

माघ संपत आला कीं नागपुरांतील स्वेटरांचीं दुकानें उठतात. उरलेला माल बांधला जातो, लुधियान्याची उधारी फेडली जाते आणि दुकानदार लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, सणाला गोठणगांवीं परततात. पुढच्या कार्तिकांत ते पुन्हां येतील. त्या वेळीं स्वेटर घेणाऱ्यानें भाव अवश्य करावा. तो बाजाराचा धर्म आहे. पण पैसे मोजतांना त्यानें समोरच्या माणसाला, त्याच्या आजोबांचा अंगरखा कसा होता, एवढें एकदां विचारावें. ऐकणाऱ्याला कांहीं नवें कळेल, आणि सांगणाऱ्याला, ती गोष्ट ऐकणारें कोणी या गांवांत आहे, हें कळेल.